बीटी कपाशीचे बियाणे परवानगीचे आहे का, हे कसे तपासावे

जनुकीय बदल केलेल्या पिकांपैकी रीतसर परवानगीने भारतीय शेतकऱ्याच्या शिवारात आलेले पीक एकच, ते म्हणजे कापूस. म्हणून या पिकांवरचा कायदा समजून घ्यायचा असेल, तर त्याची सुरुवात कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर, कपाशीचे पाकीट हातात धरूनच करावी.

बीटी म्हणजे बोंडअळीला मारणारे विष झाडातच तयार व्हावे म्हणून जिवाणूचे जनुक बसवलेली कपाशी. पहिली गोष्ट लक्षात ठेवावी, ती ही की परवानगी ‘बीटी’ या शब्दाला मिळत नाही. ती विशिष्ट जनुक पिकात बसवून तयार झालेल्या विशिष्ट वाणाला मिळते. १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखाली १९८९ मध्ये नियम झाले, आणि त्यांनुसार केंद्रीय पर्यावरण मंत्रालयातील जनुकीय अभियांत्रिकी मूल्यांकन समितीने, म्हणजे जीईएसीने, संमती दिल्याशिवाय असे बियाणे मोकळ्या शेतात लावता येत नाही. मार्च २००२ मध्ये जालन्याच्या महिको कंपनीच्या तीन संकरित वाणांना पहिली परवानगी मिळाली. त्यांत क्राय-१-एसी हे एकच जनुक होते. क्राय-२-एबी हे दुसरे जनुक जोडलेले बोलगार्ड-२ हे बियाणे २००६ मध्ये आले. समितीची संमती हा शेवटचा शब्द असतोच असे नाही: बीटी वांग्याला समितीने ऑक्टोबर २००९ मध्ये हिरवा कंदील दाखवला, तरी ९ फेब्रुवारी २०१० रोजी तत्कालीन पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी त्याला स्थगिती दिली.

आता पाकीट हातात घ्यावे. वाणाचे नाव, लॉट नंबर, उगवणशक्ती, शुद्धता, चाचणीची तारीख, निव्वळ वजन आणि उत्पादकाचे नाव-पत्ता हे सर्व छापलेले असलेच पाहिजे. बोलगार्ड-२ चे पाकीट ४७५ ग्रॅमचे असते, आणि त्यावरची किंमत केंद्र सरकारने त्या हंगामासाठी ठरवलेल्या कमाल किमतीपेक्षा जास्त असू शकत नाही. २०२५-२६ साठी ती ९०१ रुपये होती. छापील किमतीपेक्षा एक रुपयाही जास्त देऊ नये. विक्रेत्याच्या परवान्याचा क्रमांक, वाण आणि लॉट नंबर लिहिलेले पक्के बिल घेतल्याशिवाय दुकानातून बाहेर पडू नये.

त्याच पाकिटात ५ ते १० टक्के नॉन-बीटी सरकी मिसळलेली असते. ही भेसळ नव्हे, ती परवानगीची अट आहे. सर्वच झाडे बीटी असली, तर विषाला दाद न देणाऱ्या मोजक्या अळ्याच जगतात आणि त्यांचीच पैदास वाढत जाते. नॉन-बीटी झाडांवर साध्या अळ्या टिकल्या, तर दोहोंच्या पतंगांचे मीलन होऊन प्रतिकारशक्ती पसरण्याचा वेग मंदावतो. पूर्वी १२० ग्रॅमचे वेगळे नॉन-बीटी पाकीट मिळत असे आणि ते शेताच्या कडेने लावायचे असे. बहुतेकांनी ते लावलेच नाही. २०१७ मध्ये विदर्भात गुलाबी बोंडअळीने केलेल्या नुकसानीमागे हेही एक कारण होते, म्हणून मिसळलेले दाणे निवडून फेकू नयेत.

सर्वांत जास्त सावध राहावे ते ‘चोरबीटी’बाबत. ग्लायफोसेट हे तणनाशक फवारले तरी न जळणारी ही कपाशी आहे, आणि तिला परवानगी नाही. निंदणीची मजुरी परवडत नाही म्हणून शेतकरी तिच्याकडे वळतो, हे खरेच आहे. जून २०१९ मध्ये अकोट तालुक्यात शेतकरी संघटनेच्या कार्यकर्त्यांनी ती उघडपणे पेरून परवानगीची मागणीही केली. माझ्या मते या मागणीवर सरकारने स्पष्ट निर्णय द्यायलाच हवा. तोवर मात्र धोका एकट्या शेतकऱ्याच्या पदरी पडतो: असे बियाणे बिलाशिवाय, बहुधा अनोळखी नावाच्या पाकिटात मिळते, आणि ते उगवले नाही तर दाद मागण्यासाठी हातात काहीच नसते. ‘तण मारायची चिंता नाही’ असे विक्रेता म्हणाला, तर पाकिटावर काहीही छापलेले असो, ते घेऊ नये. संशय असल्यास कृषी विभागाच्या बियाणे निरीक्षकाला कळवावे. तो नमुना घेऊन प्रयोगशाळेत तपासणीला पाठवू शकतो.

पेरणी झाल्यावरही रिकामे पाकीट, टॅग, बिल आणि मूठभर शिल्लक सरकी हंगाम संपेपर्यंत जपून ठेवावी. उगवण कमी झाली तर पीक मोडण्याआधीच तालुका कृषी अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्यावी आणि तिची पोच घ्यावी, कारण तक्रार निवारण समितीला पंचनामा करण्यासाठी शेत जसेच्या तसे दिसावे लागते. समितीच्या अहवालाची प्रत मागून घ्यावी. पुढे ग्राहक आयोगाकडे भरपाई मागायची झाल्यास बिलासोबत तीच उपयोगी पडते.