तैलरंगात चेहरा: आधी उजेड-सावली, मग रंग

व्यक्तिचित्र शिकायला येणारे पहिला प्रश्न विचारतात तो त्वचेच्या रंगाचा. मी त्यांना तो बाजूला ठेवायला लावते. माणूस ओळखू येतो तो उजेड-सावलीच्या आकारांवरून. ते जमले, की रंग थोडा इकडेतिकडे झाला तरी चालतं.

उजेड एकाच बाजूने, जरा वरून येऊ द्या. थेट ऊन नको. कोऱ्या पांढऱ्या कॅनव्हासवर सुरुवात करू नका. रॉ अंबर (मातकट तपकिरी रंग) टर्पेंटाइनमध्ये पातळ करून सगळीकडे फासा आणि ओला असतानाच उजेडाच्या जागा चिंधीने पुसून काढा. कपाळ, नाक, गालाचं हाड आपोआप वर येतात. डोळ्यांच्या जागी सावलीचे दोन डाग, बस्स. डोळे किलकिले करून पाहा. एवढ्यावरच माणूस ओळखू यायला हवा. नाही आला, तर पुसा आणि पुन्हा मांडा. मग हा थर वाळू द्या.

रंग चार पुरतात: पांढरा, यलो ऑकर (मातकट पिवळा), व्हर्मिलियन हा लाल (किंवा कॅडमियम रेड) आणि आयव्हरी ब्लॅक हा काळा. स्वीडनचे चित्रकार अँडर्स झॉर्न (१८६०–१९२०) यांच्या नावाने रंगांची ही निवड ओळखली जाते. काळ्यात पांढरा मिसळून केलेला करडा त्वचेच्या उबदार रंगाशेजारी निळसर दिसतो, त्यामुळे निळ्यावाचून अडत नाही.

खरा वेळ द्यायचा तो उजेड संपून सावली सुरू होते त्या पट्ट्याला. गालावर तो रुंद आणि मऊ असतो, नाकाच्या शेंड्याशी अगदी चिंचोळा. नाकाची ओठावर पडलेली सावली मात्र धारदार कडेची. उजेड-सावलीचे दोन रंग कॅनव्हासवर एकमेकांत घासून हा पट्टा मऊ करू नका, चेहरा मेणाचा दिसतो. मधली छटा पॅलेटवरच (रंग मिसळायच्या फळीवर) मिसळा आणि दोघांच्या मध्ये ठेवा. चेहऱ्याला गोलाई येते ती इथे.

डोळ्यातला पांढरा भाग पांढरा रंगवूच नका. त्याच्यावर वरच्या पापणीची सावली असते. उजेडातल्या गालाशी ताडून पाहिलंत तर तो बहुधा करडाच निघतो. बुबुळातला चमकता ठिपका सगळ्यात शेवटी, जाड रंगाने, एकदाच.

खालच्या थरात तेल कमी, वरच्यात जास्त. उलट केलंत तर वरचा थर तडकतो. सावल्या पातळ ठेवा, उजेडाला जाड रंग द्या. जवसाच्या तेलाच्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकू नका, तो आपोआप पेटू शकतो. पाण्यात बुडवून ठेवा. आणि शेवटच्या वॉर्निशला सहा महिने ते वर्षभर थांबा, रंग जाड असेल तर त्याहूनही जास्त.