जुन्या कॅराव्हॅनची वायर आणि पाण्याची लाइन कुठून कुठे जाते ते कसं शोधायचं

जुनी ट्रेलर कॅराव्हॅन (गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर) घेतली की पॅनेलमागे वायरींचा गुंता असतो, डायग्राम नसतो आणि लोक सगळं उपटून नवीन टाकायला निघतात, त्यात पैसे फुकट जातात.

१) बाहेरचा प्लग काढा, बॅटरीचे दोन्ही टर्मिनल सोडवा, सगळे बल्ब काढा (बल्ब राहिला तर त्याच्यातूनच मल्टिमीटर, म्हणजे वायर सलग जोडलेली असली की बीप करणारा मीटर, वाजतो).
२) लांब वायरचा तुकडा मीटरच्या एका प्रोबला जोडा, दुसरा प्रोब फ्यूजपाशी, आणि एकेक टोक बीपवर तपासत जा.
३) सापडली की लगेच दोन्ही टोकांना मास्किंग टेपचा झेंडा करून नाव लिहा, टेप वायरला नुसती गुंडाळू नका, आपल्या बडोद्याच्या मे महिन्यात गोंद सुटतो आणि सगळी नावं खाली पडलेली मिळतात.

पाण्याच्या लाइनीत आधी पाणी भरूच नका, लाकडी भिंतीत मुरलं तर कळतही नाही. इनलेटला ट्यूबलेस टायरचा व्हॉल्व बसवा, नळ आणि ड्रेन बंद करा, सायकलच्या पंपाने साधारण ३० पीएसआय हवा भरा. हवेच्या दाबाचा काटा खाली आला तर जॉइंटवर साबणाचा फेस लावा, बुडबुडे येतात तिथेच लीक. मग एकेक नळ उघडून कुठे हवा सुटते ते ऐका, लाइनचा नकाशा आपोआप तयार होतो.

एक मात्र नक्की लक्षात ठेवा, अमेरिकन ट्रेलरमध्ये काळी वायर लाइव्ह असते, आपल्या घरातल्यासारखी न्यूट्रल नाही.