पोलो जीटीचं सस्पेन्शन स्वस्तात बदलताय? या चुका टाळा

फोक्सवॅगननं २०२२ मध्ये भारतातलं पोलोचं उत्पादन थांबवलं. म्हणजे आज रस्त्यावर दिसणारी जीटी टीएसआय (पेट्रोल) असो वा जीटी टीडीआय (डिझेल), शॉकअप, माउंट (शॉकअप वर गाडीला जोडणारा रबरी भाग) आणि बुश (सांध्यांमधलं रबर) एकामागोमाग मान टाकतील अशाच वयाला ती पोचलेली आहे किंवा पोचते आहे. सर्व्हिस सेंटरचं एस्टिमेट हातात पडलं की मालक स्वस्त पर्याय शोधायला लागतो. त्यात वावगं काहीच नाही. पण पैसे कुठे वाचवायचे आणि कुठे नाही, याचा हिशेब बहुतेक जण उलटा करतात. खाली पोलोचं नाव घेतलं असलं तरी फियाट अबार्थ पुंटो किंवा स्कोडा ऑक्टाव्हिया रोज ऑफिसला नेणाऱ्यांनाही यातलं बरंचसं लागू पडेल.

आधी स्प्रिंग, शॉकअप "नंतर बघू"

ही चूक सगळ्यात जास्त दिसते. लोअरिंग स्प्रिंगचा, म्हणजे गाडी खाली आणणाऱ्या कडक स्प्रिंगचा सेट शॉकअपच्या तुलनेत स्वस्त मिळतो, गाडी दुसऱ्याच दिवशी खाली बसलेली दिसते, फोटो झकास येतात. आत मात्र ६०-७० हजार किलोमीटर पळालेले कंपनीचेच शॉकअप असतात.

सिंहगड रोडवरून रोज हिंजवडीला जाणाऱ्या एका टीएसआयचं उदाहरण घ्या. ३५ मिमी खाली आणणाऱ्या स्प्रिंग, शॉकअप जुनेच. पहिला महिना मालक खूश, कारण वळणावर गाडी झुकत नव्हती. पावसाळ्यात खड्डे पडले आणि पुढून "धाड" असा आवाज सुरू झाला. त्यानं टायरमध्ये हवा कमी केली, फरक पडला नाही. मग डावा स्ट्रट (पुढच्या चाकाचा स्प्रिंग-शॉकअपचा जोड) गळायला लागला. गॅरेजवाल्यानं तेवढा एकच बदलला, तर गाडी ब्रेक लावताना एका बाजूला ओढायला लागली. शेवटी दोन्ही स्ट्रट खोलले, तेव्हा डस्ट बूटच्या (दांड्यावरच्या रबरी आवरणाच्या) आत बंप स्टॉपरचा (शॉकअप पूर्ण दबू न देणाऱ्या ठोकळ्याचा) भुगा होता, वरच्या माउंटचं रबर धातूपासून सुटलं होतं आणि उजव्या दांड्यावर तेलाची ओल होती. स्प्रिंगला काहीही झालं नव्हतं. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला तो हाच.

असं का होतं? कडक स्प्रिंग दबते कमी, पण सुटते जोरात. ते सुटणं आवरायचं काम शॉकअपचं. जुन्या शॉकअपला मूळची स्प्रिंगच जेमतेम आवरत होती, त्यात ही नवी. दुसरी गोष्ट जागेची. समजा, रिकामी गाडी सपाट जमिनीवर उभी असताना बंप स्टॉपर टेकायला ४० मिमी जागा शिल्लक आहे. स्प्रिंगनं गाडी ३५ मिमी खाली आणली की उरले ५ मिमी. आता मागे दोन माणसं आणि डिकीत बॅगा टाका. गाडी स्प्रिंगवर चालतच नाही, स्टॉपरवर चालते.

त्यात आणखी एक मेख आहे. कॅटलॉगमधला "३५ मिमी ड्रॉप" युरोपातल्या गाडीवरून मोजलेला असतो. आपल्याकडची पोलो मुळातच उंच ठेवलेली, ग्राउंड क्लिअरन्स साधारण १६५ मिमी. युरोपसाठी बनवलेली स्प्रिंग लावली की गाडी युरोपातल्या उंचीवर जाऊन बसते, म्हणजे आपल्याकडे ती ३५ पेक्षा जास्त उतरते. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकात गोलसर गतिरोधकाची उंची १० सेंटीमीटर आणि रुंदी ३.७ मीटर आहे. तुमच्या सोसायटीच्या गेटवरचा गतिरोधक कुणी कोणत्या मापानं घातला, हे घालणाऱ्यालाच ठाऊक.

स्प्रिंग विकत घेण्याआधी एक काम करा, त्याला दहा रुपये लागतात. पुढचा डस्ट बूट वर सरकवा, चकचकीत दांड्यावर केबल टाय बांधा आणि शॉकअपच्या नळकांड्याला टेकवून ठेवा. टाय हातानं सरकेल पण आपोआप घसरणार नाही, इतकाच आवळा. रोजच्या रस्त्यानं आठवडाभर गाडी चालवा. मग गाडी सपाट जागी उभी करून बघा. नळकांड्यापासून टाय जितका वर गेला, तितकी हालचाल तुमच्या रस्त्यानं वापरली. टायपासून स्टॉपरपर्यंत उरलेली जागा ही तुमची खरी शिल्लक. कंपनीच्या स्प्रिंगवरच टाय स्टॉपरला चिकटलेला सापडला, तर गाडी खाली आणायचा विषय तिथेच संपला. शॉकअप बदला आणि उंची आहे तशी ठेवा.

गाडी खाली आणायला स्प्रिंग कापणाऱ्यांशी आणि गॅसनं तापवून बसवणाऱ्यांशी वाद घालण्यात अर्थ नाही.

चुकीच्या जोडीचा शॉकअप

बिलस्टाईन (शॉकअपचा ब्रँड) म्हटलं की सगळे सारखेच, असं समजून खोकं मागवलं जातं. बी४ हा कंपनीच्या शॉकअपच्या जागी बसणारा पर्याय. बी६ हा मोनोट्यूब (एकाच नळीचा), जास्त कडक, पण मूळ उंचीच्या स्प्रिंगसाठी. बी८ हा लोअरिंग स्प्रिंगसाठी आखूड केलेला. स्टॉक (गाडीच्या मूळ) स्प्रिंगवर बी८ लावला तर चाक खाली लोंबण्याची जागा कमी होते आणि खड्ड्याच्या कडेवर गाडी टक्कन आपटल्यासारखी वाटते. दुकानात "आहे तो घ्या, बसतो" असं ऐकवतात. बसतो, यात शंका नाही.

कोनीच्या पिवळ्या स्पोर्ट शॉकअपचा स्क्रू फक्त रिबाउंड बदलतो, म्हणजे गाडी उसळण्याचा वेग. खड्ड्याचा मार कमी करायला तो फिरवून काही होणार नाही. नवशिके तो पूर्ण आवळतात. मग एकामागून एक येणाऱ्या खड्ड्यांत चाकाला परत खाली यायला वेळच मिळत नाही, गाडी दर खड्ड्याला आणखी खाली ओढली जाते आणि शेवटी स्टॉपरवर बसते. लोकांना हे "कडक" वाटतं, आवडतंही. शहरात तो कमीत कमी सेटिंगवर सुरू करा आणि मागची बाजू तरंगते असं वाटलं तरच पाव वळसा वाढवा.

रोज चाळीस-पन्नास किलोमीटरचा प्रवास, महिन्यातून एखादा घाट, एवढाच वापर असेल तर साक्स, केवायबी किंवा बी४ या वर्गातला शॉकअप, स्टॉक स्प्रिंग आणि वरचं सगळं रबर नवीन. याहून समाधान देणारा स्वस्त पर्याय नाही. नवे शॉकअप बसल्यावर गाडी इतकी बदलते की निम्म्या लोकांची लोअरिंगची हौस तिथेच भागते.

मॉडेलच्या नावावरून माल मागवू नका. टीडीआयचं इंजिन जड, म्हणून पुढची स्प्रिंग वेगळी. ऑक्टाव्हियात तर मागचं अख्खं सस्पेन्शनच कुठे टॉर्शन बीम (दोन्ही मागची चाकं जोडणारा एकच बीम) तर कुठे मल्टिलिंक (प्रत्येक चाकाला वेगळे आर्म), आणि पुढच्या स्ट्रटचा व्यास कुठे ५० तर कुठे ५५ मिमी. चॅसी नंबर द्या. डिकीत किंवा सर्व्हिस बुकात पांढरं स्टिकर असतं, त्यावर "१बी"नं सुरू होणारा कोड सस्पेन्शनचा. त्याचा फोटो दुकानदाराला पाठवा. ही दोन मिनिटंही ज्याला जड जातात, त्यानं परत पाठवायच्या कुरिअरचे पैसे बाजूला काढून ठेवावेत.

शॉकअपच्या किमतीत कॉइलओव्हर

कॉइलओव्हर (उंची बदलता येणारा स्प्रिंग-शॉकअपचा एकत्र सेट) वाईट नसतात, स्वस्त कॉइलओव्हर वाईट असतात. कडकपणा बदलायला बत्तीस क्लिकचं बटण असतं. पहिल्या क्लिकपासून शेवटच्या क्लिकपर्यंत जाणवण्याजोगा फरक क्वचितच असतो. अनेक सेटमध्ये उंची फक्त स्प्रिंगखालचं रिंग फिरवून बदलते, म्हणजे जितकं खाली आणाल तितकी शॉकअपचीच हालचाल खर्ची पडते. घ्यायचाच असेल तर नळकांड्याची लांबी खालून वेगळी बदलता येईल असा घ्या. वर रबराऐवजी धातूचा बॉल जॉइंट असलेलं माउंट असेल तर रोजच्या वापरात तो खडखडतो आणि प्रत्येक खडा सीटपर्यंत पोचवतो. कोकणात किंवा गोव्यात गाडी असेल तर दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत रिंग आट्यांवर गंजून बसते. दर तीन महिन्यांनी ब्रशनं साफ करून अँटी-सीझ ग्रीस लावणार असाल तर ठीक.

गाडी हवेत असताना बुशचे बोल्ट आवळणं

हे मेकॅनिकचं काम आहे, पण चूक तुमच्या पैशानं होते, म्हणून तुम्हाला माहीत हवं. शॉकअपबरोबर लोअर आर्मचे (चाक गाडीला खालून जोडणाऱ्या आर्मचे) बुश बदलले, चार-सहा महिन्यांत ते परत फाटले आणि खापर "डुप्लिकेट माला"वर फुटलं, असं वारंवार घडतं. माल बहुतेक वेळा ठीक असतो.

बुशमध्ये बाहेर लोखंडी कडं, आत लोखंडी नळी आणि मधे दोन्हींना चिकटलेलं रबर. बोल्ट पूर्ण आवळला की आतली नळी सबफ्रेमला (गाडीखालच्या चौकटीला) घट्ट धरली जाते. त्यानंतर ती फिरत नाही. आर्म वर-खाली होतो तेव्हा फक्त रबर पिळलं जातं. आता गाडी लिफ्टवर आहे, चाक लोंबतंय, आर्म खाली झुकलाय आणि त्याच अवस्थेत इम्पॅक्ट गन "घर्र" करून बोल्ट आवळते. गाडी खाली उतरली की आर्म वर येतो आणि रबर उभ्या गाडीतच कायमचं पिळलेलं राहतं. प्रत्येक खड्डा त्या पिळात भर घालतो. नवीन गाडीसारखी उंच बसलेली पोलो बघून मालक खूश होतो, पण कधीकधी ती उंची या पिळाचीच असते.

उपाय असा. काम सुरू करण्याआधी सपाट जमिनीवर चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंतचं अंतर चारही चाकांना टेपनं मोजून मास्किंग टेपवर लिहा आणि ती टेप फेंडरवरच चिकटवा. बोल्ट आधी नुसते टेकवून ठेवायचे. गाडी चाकांवर उतरवून पुढे-मागे ढकलायची, बॉनेटवर दोन-तीनदा दाब द्यायचा, मग पिटवर घेऊन खालून टॉर्क रेंचनं (जोर मोजून आवळणाऱ्या पान्यानं) आवळायचं. पिट नसेल तर आर्मखाली जॅक लावून टेपवरचं माप जुळेपर्यंत चाक उचला, पण गाडी लिफ्टच्या हातांवरून सुटत नाही ना, यावर डोळा ठेवा. लोअरिंग केलं असेल तर माप नव्या उंचीचं. मागच्या टॉर्शन बीमच्या बुशला आणि मागच्या शॉकअपच्या खालच्या बोल्टलाही हाच नियम. फोक्सवॅगनमध्ये असे बरेच बोल्ट ठरावीक टॉर्कनंतर आणखी ९० अंश फिरवून आवळायचे असतात. ते एकदाच वापरायचे. नवे बोल्ट मागितल्यावर मेकॅनिक हसला तर दुसरा मेकॅनिक शोधा.

एका ओळीत संपणाऱ्या चुका

एकच शॉकअप बदलू नका, एका अ‍ॅक्सलची जोडी बदला.

जुनं माउंट, बेअरिंग, स्टॉपर आणि बूट परत वापरू नका. स्ट्रट खोलायची मजुरी दुसऱ्यांदा द्यावी लागते.

रिफिल करून वेल्ड मारलेला शॉकअप फुकट मिळाला तरी नको. तेल भरता येतं, गॅसचा दाब रस्त्याकडेला भरता येत नाही.

दांडा पकडीनं धरू नका. क्रोमवर आलेला एक ओरखडा सील कापायला पुरतो. दांड्याच्या डोक्यात ॲलन की घाला आणि नट ऑफसेट रिंग पान्यानं आवळा.

ट्विन-ट्यूब (दोन नळ्यांचे) शॉकअप आडवे पडून आलेले असतात. लावण्याआधी उभे धरून चार-पाच वेळा पूर्ण दाबा आणि ओढा, नाहीतर सुरुवातीला ठकठक येईल.

मागचा बीम खाली सोडताना ब्रेकचा होज ताणला जात नाही, हे बघा.

आवाज ऐकून चुकीचा पार्ट बदलणं

खडखड ऐकू आली की थेट शॉकअपवर संशय. त्याआधी हे करून बघा. पूर्ण रुंदीच्या गतिरोधकावर दोन्ही चाकं एकदम चढवा, मग दुसरीकडे फक्त डावं किंवा उजवं चाक खड्ड्यात घाला. एकाच चाकाला आवाज आणि दोन्हींना शांतता असेल तर लिंक रॉड (अँटी-रोल बारला चाकाच्या बाजूशी जोडणारा छोटा दांडा), कारण अँटी-रोल बार (वळणावर गाडी झुकू न देणारा आडवा दांडा) दोन चाकं वेगवेगळी हलली तरच पिळतो. लिंक रॉड शॉकअपपेक्षा कितीतरी स्वस्त. उभ्या गाडीत स्टीअरिंग फिरवताना वरून "ढॅण" आलं तर माउंटचं बेअरिंग. ब्रेक दाबताना आणि सोडताना एकेक "टक" आला तर लोअर आर्मचा मागचा बुश. मोठ्या खड्ड्यात "धाड" आला तर केबल टायकडे परत या.

बॉनेट दाबून गाडी किती वेळा उसळते, हे मोजणाऱ्यांवर फार विश्वास ठेवू नका. पूर्ण मेलेला शॉकअप त्यात कळतो, अर्धमेला लपतो.

अलाइनमेंट त्याच दिवशी उरकणं

बसवल्याबरोबर एकदा ढोबळ अलाइनमेंट करा, म्हणजे टायर वाचतील. पक्कं अलाइनमेंट ३००-५०० किलोमीटरनंतर, स्प्रिंग आणि रबर बसल्यावर. गाडी खाली आणली की कॅम्बर (चाकाचा उभा कल) बदलतो, पण टायर खातो तो मुख्यतः टो (चाकं पुढून आत किंवा बाहेर वळलेली असणं). मागच्या टॉर्शन बीमला सेटिंग नसतं, तरी तिथले आकडे छापून घ्या. बीम वाकला असेल तर तिथेच दिसतं. प्रिंटवर आधीचे आणि नंतरचे असे दोन्ही आकडे हवेत. मशीनवर घेताना टाकी भरलेली, चारही टायरची हवा दरवाज्याजवळच्या किंवा टाकीच्या झाकणाच्या स्टिकरप्रमाणे, डिकी रिकामी. हजार किलोमीटरनंतर पुढच्या टायरच्या आतल्या कडेवरून तळहात एकदा आतून बाहेर आणि एकदा बाहेरून आत फिरवा. एका दिशेला गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेला करवतीसारखं लागलं तर टो चुकलेला आहे, प्रिंटवर काहीही लिहिलेलं असो.