वाटी-कपाचे ग्रॅम करताना या चुका टाळा

एक कप म्हणजे २५० ग्रॅम, हे समीकरण आधी डोक्यातून काढा. २५० मिलीच्या कपात ते पाण्याला चालतं, दुधाला जवळपास चालतं, बाकी कशाला नाही. २४० मिलीच्या कपात साखर सुमारे २०० ग्रॅम बसते, तेल २२०च्या आसपास, मध ३४० आणि मैदा जेमतेम १२०-१२५. केक दगडासारखा झाला असेल तर ओव्हनला बोल लावण्याआधी मैदा किती घातलात ते आठवा.

मैद्याचा हा आकडासुद्धा चमच्याने हलकेच कप भरून वर सुरी फिरवली तरच खरा. डब्यात कप खुपसून भरला की तोच मैदा १४०-१५० ग्रॅम होतो. बेसन आणि पिठीसाखरेचंही तसंच: चाळलं की हलकं, तळाशी दबलेलं जड. 'एक कप चाळलेला मैदा' आणि 'एक कप मैदा, चाळून' यांतही फरक पडतो. पहिल्यात चाळून मग मापायचा, दुसऱ्यात मापून मग चाळायचा. चिरलेला गूळ, ओलं खोबरं यांच्या तयार तक्त्यांवर माझा तर विश्वासच नाही. आपल्याच वाटीने एकदा भरून वजन करावं आणि आकडा डब्याच्या झाकणावर लिहून ठेवावा.

आता वाटी. प्रत्येक घरातली वेगळी. रिकामी वाटी काट्यावर ठेवून शून्य करा आणि काठोकाठ पाणी भरा. जितके ग्रॅम दिसतील तितक्या मिलीची तुमची वाटी. कपातही एकवाक्यता नाही: अमेरिकन कप २३७ मिलीच्या आसपास, ऑस्ट्रेलियन २५०, आणि राइस कुकरबरोबर येणारा बहुधा १८०. ऑस्ट्रेलियातला मोठा चमचा २० मिलीचा, इतरत्र साधारण १५ चा. अमेरिकन रेसिपीत '८ औंस मैदा' दिसला तर तो एक कप नव्हे (८ औंसांचा कप हा हिशोब पातळ पदार्थांच्या औंसाचा), वजनाने २२७ ग्रॅम.

सगळ्यात जास्त गोंधळ शंकरपाळ्यांत होतो. एक वाटी दूध, एक वाटी साखर, एक वाटी तूप आणि मावेल तेवढा मैदा, असं हे जुनं प्रमाण आहे. ते वाचून तिन्ही १५०-१५० ग्रॅम घेतले की बिघडलंच. १५० मिलीच्या वाटीत दूध सुमारे १५४ ग्रॅम, पातळ तूप १३६ आणि साखर १२५ भरते. म्हणजे साखर पाचव्या हिश्शाने वाढली, तूपही थोडं चढलं, आणि शंकरपाळ्या तेलात विरघळायला लागल्या. झालंच तसं, तर उरलेल्या पिठात थोडा मैदा मळून एकच तळून बघा. तूप थिजलेलं असेल तर वाटीत पोकळ्या राहतात. पातळ करूनच मापा. आणि एकाच प्रमाणातले दोन जिन्नस वजनाने, तिसरा वाटीने असं कधी करू नका.

काट्यावरचं 'मिली'चं बटण पाण्याचा हिशोब धरतं, त्यामुळे तेल त्यावर मोजलं तर जास्त पडतं. सोडा, बेकिंग पावडर, यीस्ट चमच्यानेच घ्या. घरगुती काट्याला दोन-तीन ग्रॅम नीट कळत नाहीत, चिमूट-चिमूट टाकत गेलात तर आकडा हलतही नाही. भात, शिरा, उपमा यांसाठी मात्र काटा काढूच नका. तिथे वाटीला वाटी पुरते.