मुरगाव बंदराचा हिशेब कसा वाचावा

मुरगाव बंदराचे वार्षिक आकडे आले की बहुतेक जण एकूण टन बघतात, गेल्या वर्षाशी तुलना करतात आणि मोकळे होतात. त्यातून फारसं काही कळत नाही. आधी दोन गोष्टी वेगळ्या काढा: माल बाहेर गेला की आत आला, आणि तो रुळावरून हलला की नदीतून.

रुळाची बाजू जुनी. १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज करारानंतर इंग्रजी भांडवलावर हे बंदर आणि कॅसलरॉककडे जाणारी मीटरगेज लाईन उभी राहिली. घाटमाथ्यावरचा माल समुद्राला आणायचा, हा हेतू. आज त्याच घाटातून ओझं उलटं चढतं: बंदरात उतरलेला कोळसा कर्नाटकातल्या पोलाद कारखान्यांकडे जातो. घाटातला चढ ३७ ला १, म्हणून भरलेल्या गाडीला जादा इंजिनं जोडावी लागतात. या मालातून गोव्यात राहतं ते बंदराचं भाडं, धक्क्यावरचं काम आणि वास्कोच्या गॅलऱ्यांतली काळी धूळ.

नदीच्या मालाचं, म्हणजे लोहखनिजाचं, तसं नाही. खाणीवरून ट्रक, ट्रकातून जेटी, जेटीवरून बार्ज (सपाट तळाची मालवाहू नौका), मग मुरगाव. पावसाळ्यात मांडवीच्या मुखाशी आग्वादजवळचा वाळूचा उंचवटा ओलांडणं धोक्याचं, म्हणून बार्ज कुंभारजुवे कालव्यातून जुवारीत उतरतात. इथे एका टनामागे ट्रकमालक, खलाशी आणि बार्ज दुरुस्त करणारे कारागीर असे बरेच जण जगतात. खनिजाचा टन आणि कोळशाचा टन सारखे फक्त अहवालात.

खनिजाचीही फोड हवीच. २०१२ च्या खाणबंदीच्या आधीच्या वर्षांत कर्नाटकातल्या होस्पेट भागातलं खनिजही रेल्वेने इथे यायचं. ते गोव्याच्या खाणींच्या नावावर धरलं की हिशेब चुकलाच.

वर्षं निवडताना जपा. २०१०-११ मध्ये बंदराने सुमारे ५ कोटी टन माल हाताळला. ते शिखराचं वर्ष पायाला धरलं तर पुढचं सगळंच घसरण दिसेल. २०१२ ची खाणबंदी सप्टेंबर-ऑक्टोबरात आली, म्हणजे नवा हंगाम सुरू होण्याच्या तोंडावर. २०१८ ची मात्र १६ मार्चपासून. आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपतं, त्यामुळे २०१७-१८ च्या आकड्यात ही बंदी जेमतेम दिसते आणि तिचा खरा फटका पुढच्या ओळीत सापडतो.

आता हे टन मोजतात कसे? मोठ्या जहाजातल्या खनिजाचं वजन बहुधा ड्राफ्ट सर्व्हेवरून, म्हणजे जहाज किती बुडालं त्यावरून काढतात. नाळ (पुढचं टोक), मध्य आणि मागचं टोक, दोन्ही बाजूंनी मिळून सहा ठिकाणी खुणा वाचायच्या. मीटरच्या खुणांचा अंक १० सेंटिमीटर उंच असतो आणि वाचन त्याच्या खालच्या कडेला. लाट असेल तर वरची आणि खालची पातळी बराच वेळ बघून सरासरी घ्या. पाण्याची घनता हायड्रोमीटरने मोजल्याशिवाय पुढे जाऊ नका. पावसात जुवारीचं गोडं पाणी मिसळून घनता उतरते. ती १.०१५ असताना भरण्याआधी आणि नंतर दोन्ही वेळा समुद्राच्या पाण्याची १.०२५ धरली, तर ६०,००० टनांच्या मालात सुमारे ५९० टन फुकटचे वाढतात.

ओल हा वेगळा धोका. भिजलेलं बारीक खनिज हादऱ्यांनी चिखलासारखं वाहू लागतं आणि जहाज कलंडू शकतं. धक्क्यावर करायची साधी चाचणी अशी: अर्धा ते एक लिटरचा गोल डबा निम्मा भरा आणि सुमारे २० सेंटिमीटरवरून टणक जमिनीवर निदान २५ वेळा आपटा, दर आपटण्यात एक-दोन सेकंद सोडून. वर पाणी सुटलं किंवा माल पातळ झाला, तर भरणं थांबवून नमुना प्रयोगशाळेत पाठवा. पृष्ठभाग कोरडा राहिला म्हणून प्रयोगशाळेचा दाखला टाळता येत नाही. ओल मर्यादेबाहेर असूनही डब्यात काहीच न दिसणं शक्य असतं.