डान्सबारच्या परवान्याला कोर्टात आव्हान देताय? या चुका टाळा

‘अख्खा कायदाच घटनाबाह्य ठरवा’ ही मागणी करून मोकळं होणं, ही सगळ्यात महागडी चूक. २००५ साली मुंबई पोलीस कायद्यात कलम ३३अ आणि ३३ब घातलं, तेव्हा हा नेम बरोबर बसला. कारण भेद कायद्यातच लिहिलेला होता: बिअर बारमध्ये नाच बंद, तीन तारांकित हॉटेलात आणि जिमखान्यात चालू. घटनेच्या अनुच्छेद १४ (समानता) आणि १९(१)(जी)वर (धंदा करण्याचं स्वातंत्र्य) ती बंदी २००६ला उच्च न्यायालयात पडली, २०१३ला सर्वोच्च न्यायालयानेही तेच कायम केलं. सरकार शहाणं झालं. २०१४ला सूट काढून सगळीकडेच बंदी आणली, तिला २०१५ला स्थगिती मिळाली, मग २०१६ला आला परवान्याचा कायदा.

तिथे जुनी याचिका कॉपी-पेस्ट करून भागत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी २०१९च्या निकालात अश्लील नृत्याची व्याख्या टिकली, संध्याकाळी ६ ते रात्री ११.३०ची वेळ टिकली, पैसे उधळण्यावरची बंदीही टिकली (हातात टिप चालते). पडल्या त्या एकेक अटी: सीसीटीव्ही, नाचाच्या जागी दारूबंदी, नाचाची जागा आणि बार यांच्या मधली भिंत, मालकाचं ‘चांगलं चारित्र्य’. शाळा आणि देवळापासून एक किलोमीटर लांब जागा मुंबईत मिळणारच नाही, म्हणजे नियमनाच्या नावाखाली बंदीच, म्हणून तीही अट गेली. तेव्हा अटींचा तक्ता करा: अट, तिचा सांगितलेला हेतू, तुमच्या जागेवर ती पाळता का येत नाही. तिसऱ्या रकान्यासाठी मोजमापाचा नकाशा जोडा. हा रकाना रिकामा ठेवून अंतरिम (निकालाआधीचा तात्पुरता) दिलासा मागणाऱ्यांची घाई कळत नाही.

दुसरी चूक मुखपृष्ठावरच दिसते: याचिकाकर्ता फक्त ‘अमुक हॉटेल्स प्रायव्हेट लिमिटेड’. १९(१)(जी) नागरिकांसाठी आहे, कंपनी नागरिक नाही. एखादा भागधारक सोबत घ्या. दोन ओळींचं काम, पण पहिल्याच तारखेचा हुकमी आक्षेप टळतो.

दारूचा परवाना आणि कार्यक्रमाचा परवाना एकाच दमात मांडू नका. दारूच्या धंद्याला मूलभूत हक्क नाही.

अट रद्द झाली म्हणजे परवाना हातात आला, असंही नाही. अर्ज करा, नकार लेखी घ्या.

आणि निकाल शेवटपर्यंत वाचा. ऑर्केस्ट्रा बारमधली चार बायका-चार पुरुषांची अट २०२२ला गेली. आठही बायका चालतील, पण मंचावर एकूण आठची मर्यादा कायम आहे. नववी उभी केली तर तो निकाल तुमच्या कामाचा नाही.