जोराच्या वाऱ्यात कुठली धावपट्टी? टॉवरमध्ये नव्याने येणाऱ्यांसाठी

मुंबई विमानतळाच्या हवाई वाहतूक नियंत्रण टॉवरमध्ये माझं प्रशिक्षण सुरू होऊन जेमतेम दोन महिने झाले होते. ऑक्टोबरची संध्याकाळ, दिवसभराचा उकाडा, ठाण्याच्या बाजूला काळवंडलेलं आभाळ. २७ नंबरच्या रनवेवर विमानं उतरत होती. पडद्यावर वारा २८० अंशांवरून ६ नॉट (एक नॉट म्हणजे ताशी साधारण १.८५ किलोमीटर), म्हणजे जवळजवळ समोरून आणि मवाळ. मी तो आकडा वैमानिकाला वाचून दाखवला. मागे उभे असलेले सिनियर सर पुढे वाकले आणि त्यांनी शेजारच्या चौकटीवर बोट ठेवलं. "कुठल्या टोकाचा वारा वाचलास? विमान कुठे टेकणार आहे?"

मी वाचला होता तो हायवेकडच्या टोकाचा वारा. विमान टेकणार होतं कुर्ल्याकडच्या टोकावर, आणि तिथे वारा ०८० वरून १६ नॉट झाला होता. म्हणजे थेट पाठीमागून. रनवे एकच, मध्ये साधारण साडेतीन किलोमीटर, आणि दोन टोकांना उलटसुलट वारे. सरांनी माईक घेऊन दोन्ही आकडे सांगितले, वैमानिकाने लगेच गो-अराउंड घेतला, म्हणजे न उतरता विमान पुन्हा वर नेलं.

मुंबईत मेमध्ये आणि पावसाळा परतताना गडगडाटी ढग बऱ्याचदा सह्याद्रीकडून येतात. ढगातून कोसळणारी थंड हवा जमिनीवर आपटून पसरते, आणि पूर्वेकडून आलेला तो झोत सर्वात आधी २७ च्या उतरण्याच्या टोकावर पोहोचतो. पाऊस अजून मुलुंडच्या पलीकडे असतो, वारा मात्र आलेला असतो. म्हणून "आत्ता वारा कुठून आहे" एवढंच विचारून भागत नाही. रांगेतलं शेवटचं विमान टेकेल तेव्हा तो कुठून असेल, याचा अंदाज बांधावा लागतो. या कामातलं खरं कौशल्य मला यातच दिसतं.

आता पाया. वाऱ्याची दिशा म्हणजे तो जिथून येतो ती दिशा. मराठीत हे सोपं आहे, कारण पश्चिमेचा वारा म्हटलं की तो पश्चिमेकडून येणारा हे आपल्याला कळतंच. शाळेतले खारे वारे आणि मतलई वारे आठवा. रनवेचा नंबर म्हणजे विमानाचं नाक ज्या दिशेला असेल तिचे अंश, शेवटचं शून्य काढून. २७ म्हणजे २७० अंश, नाक पश्चिमेला. तोच रनवे उलट बाजूने वापरला की ०९, नाक पूर्वेला.

आडवा वारा काढायला घड्याळ वापरा. वारा आणि रनवे यांच्यात १५ अंशांचा कोन असेल तर पाव वारा आडवा, ३० ला अर्धा, ४५ ला पाऊण, ६० किंवा जास्त असेल तर सगळा. पाव तास, अर्धा तास, पाऊण तास, तास. मोजमाप ढोबळ आहे, पण कानाला हेडसेट असताना कॅलक्युलेटर कुणी काढत नाही.

मेटार म्हणजे विमानतळाचा ठरावीक वेळाने येणारा हवामान अहवाल. त्यातल्या वाऱ्याचा जूनमधला एक नमुना घेऊ: २४०२२जी३४केटी. म्हणजे २४० अंशांवरून सरासरी २२ नॉट, झोत (क्षणभर वाढणारा वारा) ३४ पर्यंत. २७ शी कोन ३० अंशांचा, म्हणून आडवा वारा ११, झोतात १७. दुसरा रनवे १४/३२, तो पहिल्याला छेदून जातो. ३२ शी कोन ८० अंशांचा, म्हणजे झोतात सगळेच्या सगळे ३४ आडवे. १४ घेतला तर आडवा तितकाच, वर थोडा पाठीमागूनही. ए३२० या प्रवासी विमानाची प्रत्यक्ष दाखवलेली आडव्या वाऱ्याची क्षमता ३३ नॉट, झोतासह ३८. सेस्ना १७२ या छोट्या विमानाची १५. ओल्या रनवेवर कंपन्या आपापली मर्यादा आणखी खाली आणतात. इथे उत्तर २७, वादच नाही.

नवखी मुलं इथे सरासरीचं गणित करतात. विमान सरासरीवर उतरत नाही, झोतात उतरतं. मेटारमध्ये झोत लिहिला जातो तोच मुळी सरासरीपेक्षा १० नॉट किंवा जास्त असला तर. तो आकडा दिसला की गणित त्याच्यावरच करा.

अवघड प्रश्न येतो दक्षिणेच्या वाऱ्याला. अरबी समुद्रातलं चक्रीवादळ मुंबईच्या पश्चिमेकडून उत्तरेला सरकत असेल तर वारा आग्नेयेकडून दक्षिणेला, मग नैर्ऋत्येला फिरत जातो. १८० वरून झोत ३० असेल तर २७ वर सगळे ३० आडवे, १४ वर सुमारे २०. मग १४ घ्यावा? पण १४/३२ ची लांबी २,९०० मीटरच्या आत आणि रुंदी ४५, तर ०९/२७ सुमारे ३,४५० मीटर लांब आणि ६० रुंद. ओल्या रनवेवर घसरणाऱ्या विमानाला ती जास्तीची रुंदी मोलाची असते. माझं मत असं की वारा वैमानिकाच्या मर्यादेत असेल तर लांब-रुंद रनवे सोडू नये. मर्यादेच्या जवळ गेला की सोडावा. अखेर उतरायचं की नाही हे वैमानिकच ठरवतो आणि त्याने वेगळा रनवे मागितला तर मनाला लावून घ्यायचं नाही. कधी उत्तर "कुठलाच नाही" असंही असतं. १७ मे २०२१ ला तौक्ते चक्रीवादळ जवळून गेलं, कुलाब्याला ताशी ११४ किलोमीटरचा झोत नोंदला गेला, आणि विमानतळ कित्येक तास बंद राहिला.

पाठीमागच्या वाऱ्याला कधीही क्षुल्लक समजू नका. सेस्ना १७२ च्या पुस्तिकेत समोरच्या प्रत्येक ९ नॉटला उतरण्याचं अंतर १० टक्के कमी होतं. पाठीमागच्या मात्र दर २ नॉटला १० टक्के वाढतं.

रनवे बदलणं हे मोठं काम. आकाशातली रांग मोडायची, सगळ्यांना उलट्या बाजूने आणायचं, काहींना घिरट्या घालायला लावायच्या. त्या संध्याकाळी आम्ही ०९ वर गेलो. झोत ओसरला आणि पुन्हा पश्चिमेचा वारा आला. सरांनी तेव्हा घाई केली नाही, दोन्ही टोकं एका सुरात बोलेपर्यंत थांबले.

या नोकरीसाठी भौतिकशास्त्र आणि गणित घेऊन बीएस्सी किंवा इंजिनियरिंग लागतं. वयाची अट आणि परीक्षेचं स्वरूप भारतीय विमानतळ प्राधिकरणाच्या ताज्या जाहिरातीत पाहा. प्रशिक्षण प्रयागराजला होतं, आपल्या गोंदियालाही केंद्र आहे.

तोवर एक करा. मुंबईचं मेटार दर अर्ध्या तासाला येतं. जूनमध्ये घाटकोपरच्या एखाद्या गच्चीवर जा, ताजं मेटार वाचून आडवा वारा काढा, मग वर बघा. उतरणाऱ्या विमानाचं नाक रनवेकडे नसेल, थोडं डावीकडे, दक्षिणेला वळलेलं असेल. किती वळलंय ते वहीत लिहा आणि तुमच्या आकड्याशेजारी ठेवा.